दुपारचं वाळवण

बार्शीच्या यशोदीप कॉलनीतल्या गच्च्या काळ्याकुळकुळीत झाल्या होत्या. सौरलेप ब्रशने फासायचा, ऊन पडलं की वीज तयार. उरलेली गल्लीच्या तारेत सोडायची. दुपारी सगळेच सढळ हाताने सोडत, कारण त्या वेळी घेणारं कुणीच नसे.

गल्लीच्या टोकाला, शैला बोडकेंच्या घरात, पंखा थांबला. मागोमाग सासऱ्यांचं ऑक्सिजन यंत्र कोकलू लागलं. त्याची बॅटरी जेमतेम तासभर चाले.

“ऊन जास्त झालं वाटतं,” मामंजी नळीआडून म्हणाले. “पूर्वी ढग आले की वीज जायची. प्रगती आहे.”

शैलाने वीज कचेरीत फोन लावला.

“बाई, सगळी गल्ली एकाच तारेत वीज ढकलतेय. टोकाच्या घरी दाब सर्वांत जास्त. यंत्रं जळू नयेत म्हणून तुमची रक्षक-कळ पडते.”

“आणि माझ्या गच्चीवरची वीज?”

“लाइन तुटली की लेपही गप्प. नाहीतर खांबावर चढलेला आमचा माणूस मरेल. जाड तार मंजूर आहे.”

“कधी येणार?”

“मंजूर आहे.”

त्या दिवशी रिक्षातून सिलिंडर आणून निभावलं. संध्याकाळी ती शेजारच्या भोगावकर सरांकडे गेली.

“सर, दुपारी थोडा वेळ लेप बंद ठेवाल?”

“मीच का? आधी चिवट्यांना सांगा.”

चिवटे म्हणाले, “सरांनी केला की लगेच!”

शैलाने घरी येऊन साबुदाणा भिजत घातला.

सकाळी ती पातेलं घेऊन चिवटेकाकूंच्या दारात उभी. “काकू, आमच्या गच्चीवर जागा पुरत नाही. तुमच्याकडे पापड्या घालू?”

कॉलनीत कुणासाठी कुणी बटण दाबलं नसतं. पण शेजारणीच्या वाळवणाला गच्ची नाही म्हणण्याची कुणाची टाप नव्हती. उलट काकूंनी स्वतःचा बटाट्याचा कीसही पसरला. तो पाहून भोगावकरबाईंनीही शैलाच्या उरलेल्या पापड्यांसाठी आपल्या गच्चीवर तीन चादरी अंथरल्या. चादरीखाली लेप झाकला गेला. दुपारी कळ पडली नाही. दुसऱ्या दुपारीही नाही.

तिसऱ्या दिवशी शैला भोगावकरांच्या गच्चीवर पापड्या उलटत असताना सर वर आले. त्यांनी एक पापडी मोडून पाहिली.

“या कालच वाळल्यात की, बाई.”

“हो, सर.”

“मग चादरी का काढल्या नाहीत?”

“मामंजींचं यंत्र चालू आहे म्हणून.”

सरांनी खालची तार नजरेने टोकाच्या घरापर्यंत न्याहाळली. मग वाऱ्याने उडालेलं चादरीचं टोक त्यांनी स्वतः विटेखाली दाबलं.

“उद्यापासून दुपारी लेप बंद ठेवायच्या पाळ्या लावू. माझ्यापासून,” ते म्हणाले. नजर मात्र कॉलनीपलीकडे, दूरवर पसरलेल्या काळ्या गच्च्यांवर होती. “पण बाई, तिकडच्या प्रत्येक तारेच्या टोकाला कोण राहतं, हे कुणी विचारलंय का?”