दोन्या सोइला बंदरात आहे

हे घडलंय. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर. थट्टाच करायची असेल तर पुढे वाचू नका.

चिलोए बेटावरचं दाल्काउए, आमचं मासेमारीचं गाव. जूनमधल्या वादळानंतरची एक धुकट दुपार.

माझी ताई यानिरा. तिचा नवरा एरिबेर्तो 'दोन्या सोइला' बोटीवर मासेमारीला गेला होता. बोट परतलीच नाही. शोध थांबला. बंदराच्या वेबपेजवरून बोटीची चौकट काढून टाकली.

मी वेबपेजं बनवतो. त्या पेजवर प्रत्येक बोटीची एक चौकट असते आणि चौकटीमागे स्क्रीनवर न दिसणारी माहिती. नाव, स्थिती, खलाशी. नावाला जोडलेला फेरीचा आकडा दर वेळी बदलतो. म्हणून ताईसाठी मी एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. ज्या चौकटीचं नाव 'दोन्या सोइला'ने सुरू होतं आणि जिच्या स्थितीत 'बंदरात' हा शब्द येतो, ती शोधायची. सापडली की ताईच्या फोनवर घंटा.

"बंद करू का आता?" मी हळूच विचारलं.

"हात तर लाव!" शेगडीपाशी 'माते' हा आमच्याकडचा पानांचा चहा पीत ताई म्हणाली. "बोटं मोडून ठेवीन."

तेवढ्यात...

घंटा वाजली.

"आला!" ताई रडत रडत हसली. "बघ मेल्या, आला की नाही!"

मी पेज उघडलं. दोन्या सोइला कुठेच दिसत नव्हती.

पण प्रोग्रामला एक चौकट सापडली होती. पेजच्या आत, लपवलेली. स्थिती... बंदरात.

पुन्हा चालवून पाहिला. पुन्हा सापडली.

मग बाहेरून आवाज आला... टुक... टुक... टुक...

एरिबेर्तोच्या बोटीचं जुनाट इंजिन. आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरही ते ओळखेल.

खिडकीतून बंदराचा धक्का पाहिला. रिकामा. फक्त त्यांच्या बोटीच्या जागेवरचा दोर... पाण्याकडे ताठ ओढला गेला होता. टोकाला काहीच नव्हतं.

माझी पाचावर धारण बसली.

"ताई, जाऊ नकोस."

"अरे, भिजून आला असेल तो. कोरडा स्वेटर तरी देऊन येते."

"तिथे कुणी नाहीये गं!"

"तुझीच घंटा वाजली ना?"

प्रोग्राममध्ये चूक दाखवली तर ती थांबेल, म्हणून मी पुन्हा स्क्रीनकडे वळलो.

चौकट बदलली होती. फेरीचा आकडा नवा. स्थिती... निघण्याच्या तयारीत.

खलाशांची नावं वाचत गेलो. एरिबेर्तोच्या खाली आणखी एक नाव होतं...

यानिरा.

मागे वळलो. दार सताड उघडं. चहातून अजून वाफ येत होती.

इंजिनाचा आवाज लांब जात होता. मी धक्क्यावर पोचलो तेव्हा दोर सैल पडला होता.

ताई आजवर सापडलेली नाही. बंदरवाले म्हणतात, अशी चौकट पेजवर नव्हतीच.

प्रोग्राम अजून चालू आहे. आई बंद करू देत नाही. ताईचा घरीच राहिलेला फोन उशाशी घेऊन झोपते.

"माझी लेक परत आली तर मला कळायला नको?" म्हणते.

हल्ली मी कामाला बाहेर जात नाही. घंटा वाजलीच, तर आईला अडवायला घरात कुणीतरी हवं.