बाकांची करकर

मागे बाक करकरला. ऑर्गनवरची बोटं न थांबवताच ती म्हणाली, "उजवीकडचा, मागून दुसरा. जागा शिंपीणकाकूंची. पण काकूंचं वजन काही एवढं नाही..."

मागून कुणीतरी मनापासून हसलं. वळून पाहते तर हत्यारांची पिशवी घेतलेला एक उंच तरुण! ती ओशाळली. चर्चचा ऑर्गन भिंतीकडे तोंड करून होता, म्हणून कोण आलं ते ती लहानपणापासून बाकांच्या आवाजावरून ओळखायची. हल्ली असे आवाज बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते.

"ही करकर म्हणजे नुसता ताप आहे," ती उगाचच म्हणाली. "दादा, तुम्ही—"

"सुतार म्हणा, ठोंब्या म्हणा... दादा तेवढं नको." त्याचे कान लाल झाले होते. "पाळकसाहेबांनी बोलावलंय. बाक विकायचेत ना? त्याआधी डागडुजी करायचीय."

पाळकसाहेब म्हणजे तिचे पप्पा, आणि तिला याचा पत्ताच नव्हता!

घरी कडाक्याचं भांडण झालं.

"रिकाम्या बाकांपुढे किती दिवस बोलू गं?" पप्पा म्हणाले. "या रविवारी तुझं सुरुवातीचं वाजवणं संपेपर्यंत एक जरी माणूस आलं तरी उपासना होईल. नाहीतर चर्चला कुलूप."

"देव काय हजेरी घेतो, पप्पा?"

"देव नाही घेत. माझं मन घेतं."

ती शाळेत शिकवायला गेली की सुतार काम करायचा. ती परतताना फाटकात गाठ पडायची. गाठ कशी रोज पडते, हे दोघंही विचारत नसत.

"रविवारी याल?" एकदा तिने धीर केला.

"आई गेल्यापासून प्रार्थना सुटलीय. पण तुम्ही म्हणत असाल तर..."

"माझ्यासाठी येणार असाल तर नका येऊ!"

म्हणाली खरी. पण रात्रभर तिला वाटत राहिलं, माझ्यासाठी तर माझ्यासाठी, पण यावं त्याने... आणि असं वाटल्याची लाजही वाटत राहिली.

रविवार उजाडला. पप्पा आतल्या खोलीत वाट पाहत होते. ती वाजवत होती, पण सगळा जीव कानांत गोळा झाला होता. मागे काहीच वाजेना. तिने तीच धून पुन्हा पहिल्यापासून घेतली. तरी एक बाक करकरला नाही. काकू नाहीत, आणि तोही नाही—

बोटं थांबली. आता पप्पा कुलूप घेऊन बाहेर येणार. डोळे भरून आले, आणि मग तिला स्वतःचाच राग आला. इतकी वर्षं मी काय बाकांसाठी वाजवत होते? तिने पहिलं गीत सुरू केलं आणि एकटीच, थरथरत्या आवाजात पण मोठ्याने गाऊ लागली.

दुसऱ्या ओळीला मागून एक भसाडा आवाज मिसळला. पाठोपाठ काकूंचा किनरा!

ती गर्रकन वळली. काकू आपल्या जागेवर होत्या आणि त्यांच्या शेजारी सुतार, भांग पाडून बसलेला. आतून पप्पा आले. त्यांच्या हातात कुलूप नव्हतं, बायबल होतं.

उपासना संपताच तिने त्याला गाठलं. "तू आल्यावर बाक का नाही वाजला?" 'तुम्ही' कुठल्या कुठे पळालं होतं.

"वाजेल कसा? तुला ताप नको म्हणून एकूण एक सांधा आवळलाय."

"अरे वेड्या! मला तेवढ्यानेच तर दिसायचं!" ती हसता हसता रडायला लागली. मग हळूच म्हणाली, "माझ्यासाठी आलास ना?"

"हो. इथे उभं राहून खोटं कसं बोलू? पण तू एकटीच गायला लागलीस ना... तेव्हा तुझ्यासाठी नव्हतो गात. हे गीत आई म्हणायची."

तिने पदराने डोळे पुसले.

"एक बाक पुन्हा सैल कर," ती म्हणाली. "ऑर्गनजवळचा. तू तिथे बसायचं."

त्याने खिशातून पेचकस काढला. "रविवारी सुतारकाम?" पप्पा दारातून ओरडले.

"मोडकाम आहे, पाळकसाहेब!"

ती ऑर्गनपाशी पाठमोरी बसली. मागे बाक करकरला.

"आलं ऐकू?"

"आलं," न वळताच ती म्हणाली. "आता दर रविवारी येऊ दे."