दुमडलेलं टोक

भुतं फक्त रात्रीच येतात, असं कोणी सांगितलं तुम्हाला?

ही घटना भरदुपारची आहे. आणि खरी आहे. माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलेली. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मला मात्र सोडून देता येत नाही, कारण माझ्या आत्येबहिणीच्या, चिंगीच्या मनगटावरचा डाग मी येता-जाता बघतो.

आत्या नर्स होती. मोठं इस्पितळ, दुसरा मजला, बायकांचा वॉर्ड. दुपारची जेवणं आटोपली की भेटायला आलेल्यांना बाहेर काढायचे, दारं लोटून घ्यायचे. मग सगळा वॉर्ड झोपायचा. पंखे तेवढे फिरत राहायचे...

त्या वेळेची ही गोष्ट.

वॉर्डात आत्याच्या वरच्या एक बाई होत्या. सगळे त्यांना मोठ्या सिस्टर म्हणायचे. शीर शोधण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नव्हतं. पेशंट कितीही म्हातारी असो, शिरा कितीही आत गेलेल्या असोत. त्या दोन बोटं टेकवायच्या, डोळे मिटायच्या आणि सुई आत. पेशंटला पत्ता लागायचा नाही.

त्यांची एक खोड होती. सुईवर चिकटपट्टी लावली की तिचं एक टोक आतल्या बाजूला दुमडून ठेवायच्या. काढताना नखांनी खरवडावं लागू नये, कातडीला त्रास होऊ नये, म्हणून. वॉर्डात दुसरं कोणीच तसं करत नसे.

आत्या तर मुद्दाम करत नसे.

आत्याचा हातही चांगला होता, बरं का. पण ती ट्रे घेऊन गेली की पेशंट हात मागे घ्यायचे. "तुम्ही नको हो सिस्टर, मोठ्या सिस्टरना बोलवा ना." आत्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हसून "बोलावते हं" म्हणायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

मग मोठ्या सिस्टरच आजारी पडल्या. त्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या कोपऱ्यातल्या खाटेवर. शेवटी शेवटी त्यांच्याच शिरा सापडेनात. बाकीच्या नर्सनी हात टेकले. मग आत्याला बोलावलं.

आत्यानं पट्टा बांधला, बोटानं चाचपलं आणि पहिल्याच झटक्यात सुई बसवली. सगळ्या बघत होत्या. आत्याला वाटलं, आज तरी ही बाई शाबासकी देईल.

मोठ्या सिस्टरनी डोळे उघडले.

"लागली," त्या म्हणाल्या. "पण दुखलं हं."

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

आत्या आमच्याकडे येऊन रडली. खूप रडली. आणि रडता रडता माझ्या आईला म्हणाली, "जाता जाताही टोमणा मारून गेली बघ, वहिनी."

आता तरी वॉर्ड आपला, असं आत्याला वाटलं असेल. कुठलं काय!

तिनं लावलेली सलाईनं बिघडायला लागली. शिरेत जायचं पाणी बाहेर मांसात उतरायचं, हात सुजायचा, गार पडायचा. असं कोणाच्याही हातून होतं. पण एका दुपारी आत्या एका आजीबाईंचा हात तपासायला गेली, तर तिनं लावलेली सुई जागेवर नव्हतीच. तिथे कापसाचा बोळा होता. सुई दुसऱ्या हातावर होती. थेंब मजेत पडत होते.

आणि चिकटपट्टीचं टोक...

दुमडलेलं.

"ही कोणी लावली, आजी?"

"त्या दुसऱ्या बाईंनी. तुमची फार ठणकत होती हो. त्यांनी लावलेली कळलीसुद्धा नाही."

"कोणत्या बाई?"

"पांढऱ्या केसांच्या. डोळे मिटून लावतात बघा, त्या."

आत्याला वाटलं, कोणीतरी फिरकी घेतंय. तिनं वॉर्डातल्या मावशींना दरडावून विचारलं. दुपारभर दाराशी त्याच बसायच्या.

"कोणी आलं नाही, सिस्टर," मावशी म्हणाल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "ती कोपऱ्यातली खाट आहे ना, तिची चादर मी रोज ताणून घालते. आणि दुपारनंतर बघावं तर कोणीतरी बसून उठल्यासारखी दबलेली असते."

दुसरी कोणी असती तर बदली मागून पळाली असती. आत्याला भीती वाटली नाही. तिला राग आला. ती त्या रिकाम्या खाटेपाशी गेली आणि म्हणाली, "मेलात ना? मग आता तरी ड्युटी सोडा की!"

खाट नुसती करकरली...

पुढच्या महिन्यात चिंगी आजारी पडली. आत्याची एकुलती एक, तेव्हा शाळेत जाणारी. तिला त्याच वॉर्डात ठेवलं. तिचं औषध जहाल होतं. शिरेत गेलं तर गुणकारी, शिरेबाहेर सांडलं तर मांस जाळणारं. आत्यानं हट्टानं स्वतः सुई लावली. डाव्या हातावर.

दुपारी लेकीच्या उशाशी बसल्या बसल्या आत्याचा डोळा लागला.

जाग आली, तेव्हा चिंगीच्या डाव्या हातावर कापसाचा बोळा होता.

सुई उजव्या हातावर होती. थेंब एका लयीत पडत होते.

टोक दुमडलेलं.

चिंगीनं डोळे उघडले आणि हसली. "आई, त्या किती छान आहेत गं. तू लावलेली दुखत होती."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटतं ना..."

आत्याच्या काळजाला घरं पडली. पेशंटचं ठीक होतं. पण पोटची पोरसुद्धा?

इस्पितळाचा एक नियम असतो. सुई कोणी लावली, कशी लावली हे ठाऊक नसेल, तर ती ठेवायची नाही. काढून नवी लावायची. नियम चांगलाच आहे. आत्यानं त्या नियमावर बोट ठेवलं आणि चालू असलेली सुई काढून टाकली.

मग डाव्या मनगटाजवळच्या एका बारीक शिरेत आपली सुई घातली. चिंगी "आई गं!" म्हणून कळवळली. आत्यानं वर रुंद चिकटपट्टी लावली. त्यावर बँडेज गुंडाळलं, वेढ्यावर वेढे. आता बघू, कोणाच्या बापाला ही सुई काढता येते!

सुईची जागा कधी झाकायची नसते. सूज आली तर दिसली पाहिजे. नव्या मुलींना हे आत्याच शिकवायची.

औषध सुरू झालं.

"आई, जळजळतंय."

"औषधच तसं आहे. सोस जरा."

कोपऱ्यातून आवाज आला. च्... च्... कोणीतरी जीभ टाळूला लावून हळहळावं, तसा.

"आई, खरंच जळजळतंय गं!"

"त्यांनी लावलेली नाही दुखली आणि माझीच बरी दुखते तुला?"

तेवढ्यात आत्याचं लक्ष वर गेलं.

थेंब थांबले होते.

सलाईनच्या नळीवरचं चाक कोणीतरी फिरवून बंद केलं होतं. चिंगी पडून होती. आसपास कोणी नव्हतं.

आत्यानं चाक पुन्हा उघडलं.

तिच्या डोळ्यांदेखत ते सावकाश फिरलं... आणि बंद झालं.

कानाजवळ गार वारा आल्यासारखा झाला. आणि अगदी ओळखीचा आवाज...

"दुखतंय तिला."

आत्यानं दात-ओठ खाल्ले. चाक उघडलं आणि अंगठ्यानं दाबून धरलं. अंगठ्यावर कोणाचा तरी गार अंगठा रेटा देत होता. आत्या हटली नाही. थेंब पडत राहिले.

मग चिंगी किंचाळली. सगळा वॉर्ड जागा झाला.

बँडेज कापलं, तेव्हा हात कोपरापर्यंत सुजलेला होता. मनगट पांढरंफटक, मध्ये निळं. डॉक्टर ओरडले, "बँडेज कोणी गुंडाळलं हे?"  आत्या बँडेजखालून निघालेल्या आपल्याच चिकटपट्टीकडे बघत होती.

तिचंही टोक दुमडलेलं होतं.

हात वाचला. डाग राहिला, आणि दोन बोटं पूर्ण मिटत नाहीत. आत्यानं ते काम सोडलं. हे सगळं तिनं एकदाच सांगितलं, माझ्या आईला. मी शेजारी बसून ऐकत होतो.

आता चिंगी मोठी झाली आहे. रक्त तपासायला गेली की उजवा हात पुढे करते. सुई लावणारे म्हणतात, "काय शीर आहे हो तुमची!" ती शीर कधी चुकत नाही. कधी दुखत नाही. चिंगी कौतुकानं सांगते आणि आत्या उठून आत जाते.

इथपर्यंत असतं, तर मी लिहिलंही नसतं.

मागच्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो होतो. जेवणं झाली होती. चिंगी आतल्या खोलीत झोपली होती. तिला उठवायला आत्या आणि मी गेलो.

चिंगीचा उजवा हात पांघरुणाबाहेर होता. तळवा वर. कोणाच्या तरी हाती दिल्यासारखा.

त्यावर कापसाचा बोळा होता. वर चिकटपट्टी.

टोक दुमडलेलं...

घरात ना सुई, ना कापूस. चिंगी उठली, हाताकडे बघायला लागली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. आत्यानं ते टोक धरून पट्टी अलगद काढली. खाली ताजा, लालबुंद ठिपका होता.

"दुखलं का गं?" आत्यानं विचारलं.

"नाही आई. कळलंसुद्धा नाही."

आत्याचा चेहरा बघून मी आणखी घाबरलो. तो भ्यालेला नव्हताच. मोठ्या सिस्टर गेल्यावर माझ्या आईपाशी बसून रडली होती, तेव्हा होता तसाच होता.

"माझ्याच घरात," ती पुटपुटली. "माझ्याच लेकीला!"

त्या दिवसापासून चिंगीला दुपारी एकटं झोपू देत नाहीत. आत्या उशाशी बसते, जागी. मी काल डोकावलो, तेव्हा तिच्या मांडीवर बँडेजची नवी गुंडाळी होती. चिंगी गाढ झोपली होती आणि आत्या तिचा उजवा हात चाचपत होती. डोळे मिटून.

चिंगीला नक्की कोणापासून जपायचं, तेच मला कळेनासं झालंय.