मंठ्यातली अरुंधती

"माझ्या प्रेसमधी चोर हाय," बद्रीशेठ खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाले. "कोण ते मला ठाऊक हाय. तुम्ही फकस्त त्याला बराबर पकडून द्या."

साहेबरावांना असली गिऱ्हाइकं आवडत नसत. चोर ठाऊक असलेला माणूस पोलिसांत न जाता आपल्याकडे कशाला येतो, हा पहिला संशय त्यांच्या मनात येई. नवीन जालन्यात स्टेशनासमोर त्यांची एक खोली होती, पाटीवर 'खासगी चौकशी' एवढंच लिहिलेलं होतं आणि संशय घेणं हाच त्यांचा धंदा होता.

"काय चोरलं?"

"गोष्ट."

कोपऱ्यातला भुजंग ताडकन उठला. हा साहेबरावांचा मदतनीस. मोटारसायकल त्याची आणि डोकं साहेबरावांचं, अशी दोघांची वाटणी होती. "'ध्रुवयान'ची?" त्यानं विचारलं.

'ध्रुवयान' ही बद्रीशेठच्या प्रकाशनाची विज्ञानकथामाला. ताऱ्यांपलीकडे निघालेलं एक यान आणि त्याची कर्णधार अरुंधती. दर दिवाळीला नवं पर्व सुरू होई, मग संक्रांतीपर्यंत महिन्याला एक पातळ पुस्तक. आठ पर्वं झाली होती. नवव्यात काय होणार यावर टेंभुर्णीपासून जालन्यापर्यंत लोक चहा थंड होईस्तोवर भांडत होते.

"अरुंधती मेली त्या दिवशी मी जेवलो न्हाई, साहेबराव," भुजंग म्हणाला.

"तीन भाकरी खाल्ल्यास. माझ्यासमोर."

बद्रीशेठ वैतागले. "नवव्यात ती जिवंत हाय! यानातल्या कोठडीचं दार उघडून बाहेर येती, यान पृथ्वीकडं वळवती, अन् घरी तिला कोणीच ओळखत न्हाई. हस्तलिखित आलं, छपाईचे खिळे जुळवणं सुरू झालं, अन् मंठ्याहून खबर आली की तिथल्या वाचनालयात लोक हीच गोष्ट बोलून राह्यलेत. सांगणारी कोण, तर द्वारकाबाई मास्तरीण. तिचा सख्खा भाऊ वसंता माझा कंपोझिटर. आता बोला!"

"वसंता काय म्हणतो?"

"काय म्हणंल? शनिवारपर्यंत कबूल हो म्हटलं, न्हाई तर पोलीस. मंग जालन्यातच काय, औरंगाबादेतबी त्याला कोणी खिळ्याला हात लावू देणार न्हाई."

वसंता प्रेसच्या मागच्या अंगणात उभा होता. बोटं शाईनं काळी, चेहरा पडलेला. घरी तीन लेकरं होती आणि दुसरं काम त्याला येत नव्हतं.

"प्रेसमधलं प्रेसमधी," तो म्हणाला. "बहिणीपाशी मी या पुस्तकाचा विषयच काढत न्हाई. जुना न्हाई, नवा न्हाई. आधी लई विचारायची, मी उठून जायचो. आता तिनं रुसून विचारणंच सोडलं."

"या खेपेच्या हस्तलिखितात काही निराळं?"

"अक्षर, साहेब. आठ पर्वं सुबक अक्षरात आल्ती. हे कोंबडीनं उकरल्यावाणी."

"लेखकाच्या बाई उतरवून द्यायच्या," बद्रीशेठ घाईनं म्हणाले. "सध्या आजारी हायत."

पुस्तकावर लेखकाचं नाव 'नभोगामी' असे. खरं नाव फक्त बद्रीशेठना ठाऊक होतं. साहेबरावांनी पत्ता मागून घेतला, पण आधी मंठ्याचा रस्ता धरला.

मंठ्याच्या वाचनालयात द्वारकाबाई वाटच बघत होत्या. अंगानं बारीक, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"मी होळीलाच सांगितलं होतं. विचारा सगळ्यांना."

सगळ्यांनी एकदम माना हलवल्या. इतक्या एकदम, की भुजंग साहेबरावांच्या कानाला लागला, "सगळे मिळालेले दिसतेत."

"सुचलं कसं, बाई?"

"सुचायचं काय त्यात? अरुंधती कोठडीत गेली, दार बंद झालं. मंग कधी तरी बाहेर येणारच की. बाहेर येऊन जाणार कुठं? घरी. अन् एवढ्या सालांनी घरी तिला कोण ओळखंल? मी सासर सोडून आल्ते तवा मला कोणी ओळखलं?"

"आणि ती मेलीच असेल तर?"

"अहो, मरंल कशानं?" द्वारकाबाई हसल्या. मागची मंडळीही हसली.

भुजंग तोंड उघडणार तेवढ्यात साहेबरावांनी त्याला मोटारसायकल काढायला पिटाळलं. मग त्यांनी आठव्या पर्वाचं शेवटचं पुस्तक मागितलं. ग्रंथपाल तातेरावांनी ते आदरानं पुढे केलं. "एकच प्रत येती. अख्खं गाव हीच वाचतं." साहेबरावांनी मलपृष्ठाकडून उघडलं. शेवटची ओळ होती, 'दार बंद झालं.' त्यांनी पुस्तक मिटून परत दिलं.

"बाहेरचं कोणी ऐकायला येतं?"

"बाजाराच्या दिवशी बियाण्याचे एक साहेब येतेत. कोपऱ्यात बसतेत. बोलत न्हाईत, ऐकतेत."

'नभोगामी' म्हणजे रामराव. जालन्यातल्या त्यांच्या घराच्या ओसरीवर ज्वारीच्या बियाण्याच्या पिशव्या रचून ठेवल्या होत्या. माणूस भारदस्त, बोलणं गोड.

"माझी मेहनत चोरीला गेली हो," ते म्हणाले.

त्यांच्या पत्नी कौसल्याबाई पाणी घेऊन आल्या. आजारी तर त्या मुळीच दिसत नव्हत्या.

"एक विचारतो," साहेबराव म्हणाले. "अरुंधती वाचली कशी?"

"वाचली म्हंजी? दार उघडून आली बाहेर."

"एवढंच?"

"एवढंच. वाचकाला लई समजावू नये."

कौसल्याबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांनी नवऱ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि त्या आत निघून गेल्या. साहेबराव जाताना त्यांनाही शनिवारचं बोलावणं देऊन गेले.

शनिवारी प्रेसमध्ये सगळे जमले. वसंता भिंतीला टेकून उभा होता. द्वारकाबाई रामरावांकडे टक लावून बघत होत्या, आणि रामराव छताकडे.

"भुजंग, आठव्या पर्वाचा शेवट सांग."

"अरुंधती कोठडीत जाती, दार बंद होतं. मंग आतली हवा संपती, अन् शेवटच्या पानावर सोबती तिचं शव ताऱ्यांत सोडून देतेत."

"काय?" द्वारकाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "अरुंधती मेली?"

"बाई, तुमच्या प्रतीत शेवटची पानं बांधायचीच राहिली आहेत," साहेबराव म्हणाले. "इतके महिने अख्खं मंठा बंद दारापाशी थांबलंय. म्हणून तुमच्या तर्कात ती जिवंत आहे. आता शेठ, ती शेवटची पानं जुळवली कोणी?"

"वसंतानंच."

"त्यानं बहिणीला या पुस्तकातलं एक अक्षर जरी सांगितलं असतं, तर अरुंधती मेली हे तिला सगळ्यात आधी कळलं असतं. ज्यानं छापून बाजारात आलेलं सांगितलं नाही, तो न छापलेलं सांगेल? वसंता चोर नाही."

भिंतीजवळून हुंदका आला. बद्रीशेठ कपाळ पुसत म्हणाले, "मंग मंठ्याची गोष्ट अन् माझं हस्तलिखित एक कसं?"

"कारण गोष्ट मंठ्याहून इकडे आली. तुमच्या हस्तलिखितात अरुंधती मेल्याचा उल्लेखच नाही. ती जगली कशी याचंही स्पष्टीकरण नाही. लिहिणाऱ्याला ती मेल्याचं ठाऊकच नव्हतं. आपल्या हातानं मारलेलं माणूस लेखक विसरेल का?"

"हेच ते!" द्वारकाबाई उभ्या राहिल्या. "बियाण्याचे साहेब! कोपऱ्यात बसून माझं ऐकत होते!"

"ऐकत होते आणि घरी जाऊन लिहीत होते, स्वतःच्या अक्षरात. आधीच्या आठ पर्वांचं अक्षर दुसऱ्याचं होतं. मजकूरही त्याच हाताचा होता."

"रामराव, बोला की," बद्रीशेठ ओरडले. "मंग आठ पर्वं लिहिली कोणी?"

"मी," कौसल्याबाई म्हणाल्या.

त्या उभ्याच होत्या. आवाज हळू होता, पण अडखळत नव्हता. "पुरुषाचं नाव बरं दिसंल म्हणाले, मी म्हटलं असू द्या. पहिलं पर्व ह्यांनी थोडं वाचलं. मंग एकबी वाचलं न्हाई. लिहून द्यायची, हे नेऊन द्यायचे. शेवटी मी तिला मारून टाकली, अन् पुढं लिहिणार न्हाई म्हणून सांगितलं. तरीबी ह्यांनी शेठना शब्द दिला." त्यांनी पदर सावरला. "मला वाटलं, मारल्यावर तरी घरात कोणी विचारंल. इतके महिने झाले, वाट बघून राह्यले. ह्यांना ती मेल्याचं कळलंसुद्धा न्हाई."

रामराव दाराकडे सरकू लागले.

बद्रीशेठ मुळात व्यापारी, ते लगेच सावरले. "बाई, झालं गेलं जाऊ द्या. नववं पर्व तुमच्या नावानं काढू. जल्दी लिहा फकस्त."

"आधी वसंताला सांगा. सगळ्यांसमोर," कौसल्याबाई म्हणाल्या.

बद्रीशेठना ते जड गेलं. तरी ते वसंतासमोर गेले आणि म्हणाले, "माझं चुकलं, बाबा. तू चोर न्हाईस. कामाला लाग." वसंतानं शाईच्या हातांनीच डोळे पुसले आणि तोंड काळं करून घेतलं, पण कोणी हसलं नाही.

द्वारकाबाईंना या कशाचं भान नव्हतं. त्या रागानं कौसल्याबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाई, का मारलंत हो तिला? असं काय केलं होतं तिनं?"

कौसल्याबाई द्वारकाबाईंकडे बघतच राहिल्या. मग खाली बाकावर बसल्या आणि सरकून त्यांनी शेजारी जागा करून दिली.

"बस," त्या म्हणाल्या. "सांगते."