चौदाव्या माणसाची थंडी

जाकीट आलं तेव्हा हौसाने ते आधी तळहातावर तोललं. एका भाकरीहून हलकं. मग बाही दोन्ही हातांनी ओढून पाहिली, शिवणीवरून नख फिरवलं, आत एक रुमाल गुंडाळला आणि वरून घागरभर पाणी ओतलं. पाणी थेंबाथेंबाने पळून गेलं. रुमाल कोरडा राहिला. पंखा लावून तिने जाकीट त्याच्यासमोर धरलं, तर वारापण पलीकडे जाईना.

उंबरठाणच्या बचाव पथकात नवी वस्तू आली की पहिला हात तिचा, आणि शेवटचा शब्दही तिचाच. दोर असो, बूट असोत, कंदील असो, हौसा खाडे हो म्हणाली तर चौदा जणांसाठी घ्यायचं, नाही म्हणाली तर परत पाठवायचं.

ध्रुवाकडचे वारे आपली जुनी वाट सोडून दक्षिणेला झुकू लागले, त्याला आता बावीस वर्षं झाली होती. तेव्हापासून दर पौषात चार-सहा दिवस असे येत, की आभाळातली गार हवा एकाएकी सह्याद्रीच्या माथ्यावर ढासळे, भिंत कोसळावी तशी. सोबत पाऊस, पावसात बर्फाची कणी. गावाने त्याला कोसळवारा म्हटलं आणि पुढे वेधशाळेनेही तेच नाव उचललं. शहरातली माणसं हे बर्फ बघायला घोडकड्याच्या धारेवर चढत, अडकत, आणि मग उंबरठाणचे चौदा जण दोर घेऊन निघत.

गेल्या पौषात धारेवर दोघे भाऊ अडकले होते. पथक त्यांच्यापासून तीनशे पावलांवर पोचलं आणि थांबलं. कुणाची बोटं वळेनात, कुणाचे दात थांबेनात. हौसाच म्हणाली होती, "फिरू." दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा वर गेले तेव्हा दोघे भाऊ एकमेकांना धरून बसलेले सापडले. धाकट्याच्या पापण्यांवर दव गोठलं होतं.

त्या दिवसापासून हौसाच्या आत काहीतरी थिजून बसलं होतं, ताटात राहून गेलेल्या पिठल्यासारखं. तिला रडू आलं नाही. जेवण जात होतं, झोप लागत होती, दोन्हींना चव नव्हती. बायका विचारत, बरी आहेस ना गं, आणि ती हो म्हणे. खोटं नव्हतं ते. बरं नाही असंही तिला कुठे काही वाटत नव्हतं. फक्त ती तीनशे पावलं ती मोजत राही, पाण्याला जाताना, रानातून येताना. नवं जाकीट घ्यायचं की नाही, या प्रश्नाचा अर्थ तिच्यापुरता एवढाच होता, की ते अंगात असतं तर ती तीनशे पावलं चालून झाली असती का.

जाकिटासोबत ते बनवणारी बाईही आली होती. डॉक्टर शलाका टिपणीस, नसांचा अभ्यास करणारी, बारीक चणीची, पाय दुमडून बसताना अवघडणारी. हौसाच्या ओसरीवर चहा घेता घेता तिने सगळं समजावून सांगितलं.

ती सांगत होती ते असं. थंडी आपल्याला कळते ती कातडीखालच्या नसांमुळे. अंग गार पडायच्या कितीतरी आधी या नसा मेंदूकडे वर्दी धाडतात, एक नाही, हजारो. त्या वर्दीने माणूस कुडकुडतो, आखडतो, घाबरतो, परत फिरतो. या जाकिटाला मुकं अस्तर आहे. त्यात केसाहून बारीक तारा विणल्यात आणि त्या इतकी हलकी वीज सोडतात, की नसा गप्प होतात. वर्दी जातच नाही.

"म्हणजे हे ऊब देत नाही?" हौसाने विचारलं.

"नाही. म्हणून तर इतकं हलकं आहे. वारा-पाणी अडवतं, पण ऊब धरायला जाडी लागते, ती यात नाही. यात फक्त थंडी वाजत नाही."

"आणि अंग गार पडत जातं?"

"पडतं, पण भीती वाटते तितक्या लवकर नाही. सदतीसवरून पस्तीसवर यायला चांगला तासभर जातो, आणि तोवर तुम्ही नीट काम करू शकता. तुम्हाला परत फिरवतो तो त्रास, हौसाताई. अंगात अजून ताकद असते." मग तिने बाहीवरची पट्टी दाखवली. काखेतली एक तार आतलं खरं तापमान मोजते, पट्टीवर आकडा दिसतो, पस्तीसला पट्टी वाजते. "वाजली की फिरायचं. अंदाजाचं कामच नाही."

दाराशी खेवजीमामा बसले होते. गावचे सगळेच त्यांना मामा म्हणत. साठी उलटलेले, पथकातले सर्वांत जुने, खांद्यावर घोंगडी. ते म्हणाले की ऊब न देता थंडी घालवणारं जाकीट म्हणजे पोट न भरता भूक मारणारं जेवणच झालं की. डॉक्टरीण हसली. हौसाला हसू आलं नाही, पण विनोद चांगला होता हे तिच्या ध्यानात आलं.

तिसऱ्या दिवशी हलका कोसळवारा आला आणि तिघे चाचणीला वर गेले. हौसा आणि पथकातलाच सोमा बांडे नव्या जाकिटांत, मामा घोंगडीत. मला नको तुमचं ते, असं मामांनी आधीच सांगून टाकलं होतं.

उंबरठाणची चढायची एक रीत होती. दर थोड्या वेळाने पुढच्याने जात्यावरच्या ओवीची एक ओळ टाकायची आणि मागच्या प्रत्येकाने पाळीपाळीने दुसरी पुरी करायची. थंडी अंगात भिनली की आधी ओठ जड होतात, शब्द सांडतात. मग ज्याला कळेल त्याने 'फिरू' म्हणायचं, आणि एकाने फिरू म्हटलं की का म्हणून कुणी विचारायचं नाही. सगळ्यांनी फिरायचं.

धारेवर पोचल्यावर हौसाने ओळ टाकली:

"थंडी गं थंडीबाई, कुठं तुझं गं माहेर..."

सोमाने पुरी केली, "घोडकड्याच्या धारेवरी, वारा आणीतो आहेर." 'घोडकड्याच्या'चं त्याने भलतंच काहीतरी केलं आणि स्वतःच हसला. कणी तोंडावर आपटत होती. हौसाला वाटलं, चैत्रातल्या सकाळी अंगणात उभं असावं तसं आहे हे. पट्टी वाजू लागली. तिने पाहिलं, चौतीस पूर्णांक आठ. तो आकडा तिने वाचला, कुठल्या लांबच्या गावचं हवामान रेडिओवर ऐकावं तसा, आणि पुढचं पाऊल टाकलं.

"फिरू," मागून मामा म्हणाले. त्यांचे दात वाजत होते.

ते फिरले. घरी आल्यावर हौसाच्या हातून चहाचा पेला दोनदा निसटला. बोटं मिटतच नव्हती, आणि हे तिला पेला फुटल्यावर कळलं.

डॉक्टरीण हादरली. पट्टी वाजली नाही का, असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

"वाजली," हौसा म्हणाली. "ऐकली. आकडाही बघितला. कळलं मॅडम, पण वाटलं काहीच नाही."

डॉक्टरिणीने जाकीट उलटं करून आतलं अस्तर चाचपलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली की आकडा डोक्यात जातो आणि तिथे त्याचा विचार होतो. थंडी थेट पायांत जाते. नुसत्या कळण्याला पाय नसतात, हे तिने हिशेबात धरलंच नव्हतं. जाकीट परत नेते, असंही ती म्हणाली.

पण हौसाच्या मनात ती तीनशे पावलं होती. धारेवर आज ते गेल्या पौषापेक्षा पुढे पोचले होते, कितीतरी पुढे. रात्रभर विचार करून तिने सकाळी आपलं मत कागदावर लिहिलं: जाकिटं घ्यावीत, तेरा. चौदाव्याने नेहमीच्या कपड्यांत चढावं. सगळ्यांच्या वाट्याची थंडी त्याला वाजेल आणि तो म्हणेल तेव्हा सगळे फिरतील. गावाची राखण करणारा असतो तसा हा पथकाचा जागल्या.

"एका माणसाला मुद्दाम कुडकुडत ठेवायचं?" डॉक्टरिणीने विचारलं.

"मी हाये की," खेवजीमामा म्हणाले. "मला काय नवीन हाये का थंडी?"

"तसं नाही मामा. मला वेगळीच शंका आहे." ती हौसाकडे वळली. "तुम्ही त्यांचं ऐकाल?"

उंबरठाणमध्ये असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. हौसाने सही केली.

पौष संपायला चार दिवस असताना वर्दी आली. घोडकड्यापलीकडे एक बाप आणि त्याच्या दोन मुली अडकल्या होत्या. कोसळवारा त्या सालातला सर्वांत मोठा होता. तेरा जाकिटं आणि एक घोंगडी एका दोरात बांधून चढली. हौसा पुढे, तिच्या मागे मामा.

एरवी सव्वा तास लागायचा, त्या दिवशी पाऊण तासात धार आली. कुणी दमलं नव्हतं, कुणी कण्हत नव्हतं. गेल्या वर्षीची जागा मागे पडली तेव्हा हौसाने पावलं मोजायला सुरुवात केली. शंभर. दीडशे. पलीकडून बारीक हाक आल्यासारखी वाटली, किंवा वारा असेल.

दोर मागून ताणला गेला. मामा थांबले होते. त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते, हनुवटी थाडथाड उडत होती, घोंगडीला कणीची पापडी धरली होती.

"फिरू," ते म्हणाले.

तेराही जणांच्या बाह्यांवर पट्ट्या वाजत होत्या. कुणीतरी आपली बाही दुसऱ्या हाताने दाबून धरली, आवाज कमी व्हावा म्हणून.

"मामा, तुमचं वय झालं आता," सोमा मायेने म्हणाला. "तुम्ही त्या खडकाच्या आडोशाला बसा. येताना घेऊ तुम्हाला." मागचे दोघे-तिघे म्हणाले की तेच बरं. सगळे अगदी शांतपणे बोलत होते आणि सगळ्यांची बोलणी थोडी थोडी सांडत होती.

"हौसा," मामांनी तिचा दंड धरला. "मला वाजतीय म्हंजी तुलाबी वाजतीय, पोरी. तुला कळंना का?"

"कळतंय मामा."

आणि ते तिला खरंच कळत होतं. जागल्या म्हणजे काय, तो कशासाठी, कागदावर तिनेच काय लिहिलं होतं, शब्द न् शब्द आठवत होता. तिने मामांच्या थरथरत्या हनुवटीकडे पाहिलं. म्हाताऱ्या माणसाची हनुवटी अशी उडताना पाहिली की पूर्वी ती अंगावरचं काढून त्याच्या खांद्यावर टाकायची. आता तसं काही मनात आलं नाही. म्हातारा माणूस, थंडी वाजते आहे त्याला, एवढंच.

तिने मामांच्या कमरेची गाठ सोडायला हात घातला. बोटं गाठीवर पडली आणि तशीच राहिली, दुसऱ्या कुणाची असावीत तशी. दोनदा करून पाहून तिने तो नाद सोडला. दोन तळव्यांमध्ये सुरी धरून मामांच्या दोन्ही बाजूंचा दोर कापला. मागच्याने पुढे येऊन टोक तिच्या हाती दिलं. तिने ते मनगटाला तीन वेढे मारून गुंडाळलं, कारण गाठ बसत नव्हती.

पट्टीवर तेहतीस पूर्णांक सहा होतं. हवा छान होती.

मागून मामा हाका मारत राहिले, एकेकाचं नाव घेऊन, तेराही जणांची नावं. पथक पुढे चालत होतं. हौसा पावलं मोजत होती. दोनशेच्या पुढे कधीतरी तिचा आकडा चुकला, आणि तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली.