गुरुवारचं टपाल

"तेजस्विनी, असशील तशी निघ. आणखी एक ऑर्डर गेली. आज त्या मेलचा निकाल लाव, नाहीतर मी नम्रताला कामावरून काढते."

हेमाकाकूंचा फोन आला तेव्हा तेजस्विनी खडकीत कुणाच्या तरी प्रिंटरशी झटत होती. कसबा पेठेत काकूंचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. तिथला नवा कॉम्प्युटर तिनेच बसवला होता, मेलचा प्रोग्रॅमही तिनेच. तेव्हापासून तिच्या खेपा चालू होत्या. दर वेळी तो प्रोग्रॅम 'खातं व्यवस्थित जोडलं आहे' असं सांगे आणि मेल मात्र येत नसे. माणूस असता तर तिने त्याच्या कानाखाली आवाज काढला असता.

दुकानात काकू गल्ल्यावर होत्या. नम्रता भिंतीला टेकून उभी होती. ती वर्ध्याची, दुकानाचे मेल आणि कुरिअर तीच बघायची.

"कुठली ऑर्डर गेली?" तेजस्विनीने विचारलं.

"नाशिकच्या हॉटेलवाल्यांची. मेलवर मेल केले म्हणे. उत्तर आलं नाही म्हणून समोरच्या हिराताईंकडून माल घेतला. समोरच्या! त्यांना बातमी कोणी दिली असेल?"

"मी दिली नाही," नम्रता म्हणाली. "मंगळवारी तुम्ही भर गिऱ्हाइकांत मला चोर म्हणालात. घरी पाठवलंत. आज बोलावलंत म्हणून आले. पण काकू, हा डाग घेऊन मला दुसरीकडे कोण ठेवेल?"

"मग मेल काय उंदरांनी खाल्ले?"

तेजस्विनी कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसली. खात्याचा पत्ता बरोबर, पासवर्ड बरोबर, सगळीकडे हिरव्या खुणा. तिने मोबाइलवरून एक मेल पाठवला. गेला, पण आला नाही. दुसरा पाठवला. तोही गडप. ब्राउझरमधून थेट टपालपेटी उघडली, तर तीही रिकामी. कचरापेटी उघडली. तिथेही काही नाही. तिसऱ्या मेलमध्ये तिने दातओठ खात एक शिवी लिहिली आणि पाठवून दिली.

"पासवर्ड कधी बदललात?"

"मंगळवारीच, ही गेल्यावर."

"कोणाला सांगितलात?"

"बाहेर कोणालाच नाही."

"आणि तरी मेल गायब होतायत. मग नम्रता ते उघडणार कशी?"

"घरी बसून काहीही करता येतं हल्ली. तुम्हा मुलांना काय येत नाही?"

दुकानाच्या कॉम्प्युटरवरच्या इनबॉक्समध्ये आधी आलेले थोडे मेल टिकून होते, तेजस्विनी त्यांच्या तारखा बघू लागली. बघता बघता ती पुढे सरकली. टिकलेला प्रत्येक मेल गुरुवारचा होता.

"नम्रता, गुरुवारी तू सुट्टी घेतेस?"

"नाही. आमची सुट्टी सोमवारी. मागच्या गुरुवारी मी इथेच होते. कालच्या गुरुवारी घरी."

म्हणजे नम्रता होती तो गुरुवार आणि नव्हती तो गुरुवार, दोन्ही सारखेच गेले होते. तेजस्विनीला बरं वाटलं, पण पुढचं काही सुचेना. इतक्यात काकूंचा फोन वाजला. एक भांडं घासून दाखवताना हात राखेने भरलेले म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"सूनबाई, मी बोलतोय." काकूंचे सासरे, आप्पासाहेब. विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. त्यांच्यामागे नामजपाचा एकसुरी आवाज चालू होता. "काल दिवसभर वीज नव्हती गं. दर गुरुवारचं झालंय हे. जप बंद पडला की चैन पडत नाही. आत्ता कुठे बरं वाटतंय."

काकू काही बोलणार तोच तेजस्विनीने फोन ओढून घेतला.

"आप्पासाहेब, जप कशावर लावता?"

"हेमाने दिलेल्या, दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर. देवघरातली जपाची डबी बिघडली ना."

"तो बंद कधी करता?"

"बंद? अहो, अखंड जप आहे तो."

"त्याने मधे तुम्हाला काही विचारलं होतं?"

"विचारलं की! मंगळवारी एक चौकोन आला, पासवर्ड मागत होता. हेमाने नुकताच सांगितला होता, तो घातला. दुकानाची जादा किल्ली माझ्याकडेच असते, तसा पासवर्डही."

काकूंचा चेहरा पडला.

"आता जपाची खिडकी जरा बाजूला करा. मागे काय दिसतं?"

जपाच्या आवाजात माउसची टिकटिक ऐकू आली. मग आप्पासाहेब म्हणाले, "नाशिकचे कोणी घागरी मागतायत. आणि हे सगळ्यांत वरचं कोणी लिहिलंय? काय ही भाषा!"

"ते मीच," तेजस्विनी म्हणाली. तिने त्यांच्याकडून तो प्रोग्रॅम बंद करवून घेतला आणि लगेच आणखी एक मेल पाठवला. तो मुकाट्याने दुकानाच्या पडद्यावर आला.

मग तिने खुर्ची वळवली.

"काकू, तुमचं खातं जुन्या पद्धतीचं आहे. पेटीतून टपाल उचलायचं आणि घरी न्यायचं, मागे प्रत ठेवायची नाही. जो आधी पोचेल त्याचं. जुना कॉम्प्युटर चालू झाला की मेलचा प्रोग्रॅम आपोआप उघडतो आणि मिनिटामिनिटाला पेटी उपसतो. इथला सवडीने पेटीपाशी जातो. जप अखंड, म्हणून उपसाही अखंड. गुरुवारी तिकडची वीज जाते, तेवढंच टपाल तुमच्या वाट्याला येतं. आणि कोणी मेल पुसले असते, तर ते कचरापेटीत सापडले असते. पुसले नाहीत, उचलून नेले."

"म्हणजे आप्पांनी?"

"आप्पांनी तुम्ही दिलेली किल्ली लावली, इतकंच. चूक तुमची. जुना कॉम्प्युटर साफ करून देते म्हटलं, तर आप्पांकडे न्यायला टेम्पो थांबलाय म्हणालात. पासवर्ड कोणाला दिला विचारलं, तर बाहेर कोणाला नाही म्हणालात. घरचा माणूस तुम्ही मोजलाच नाहीत. आणि ही वर्ध्याची, म्हणून हिला सगळ्यांत आधी मोजलंत."

काकूंना ते लागलं. त्या उठल्या. "बस गं नम्रता. चहा सांगते."

"चहा नको, काकू." नम्रता म्हणाली. "चोर म्हणालात तेव्हा दुकान भरलेलं होतं. आता आपण तिघीच आहोत."

काकूंनी हात पुसले, चपला घातल्या आणि त्या रस्ता ओलांडून थेट हिराताईंच्या दुकानात शिरल्या. नम्रता आणि तेजस्विनी मागोमाग गेल्या. आत चार-पाच गिऱ्हाइकं होती.

"हिराताई," काकू खालच्या आवाजात म्हणाल्या, "नम्रताने तुम्हाला काही कळवलं नव्हतं. मी उगाच आळ घेतला."

हिराताईंनी तराजूवरून मान वर केली.

"मंगळवारी तुम्ही ओरडलात ते मला इथे बसून ऐकू आलं होतं, हेमाताई. हे आत्ताचं काही नीट ऐकू आलं नाही."

काकूंनी एकदा नम्रताकडे बघितलं. मग त्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या आणि तेच वाक्य सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.