पहिल्या मिनिटाचे हृदय

"काय करायचं ते करा गं, पण मला त्या डायलिसिसच्या मशिनीला बांधू नका," मालनबाई उंबरकर खाटेवरून म्हणाल्या. छातीत कळ होती, अंगाला घाम फुटला होता, तरी हुकूम सोडायची खोड जात नव्हती. सांगलीत त्यांची खानावळ होती आणि हृदयतज्ज्ञ नयना मुळगुंद शिकत असताना दोन्ही वेळ तिथेच जेवली होती. डायलिसिसच्या मशिनीवरच बाईंच्या नवऱ्याचे शेवटचे वर्ष गेले होते.

"नाही बांधणार, काकू," नयनाने शब्द दिला. शब्द द्यायला काय जाते?

काचेपलीकडच्या कक्षात मालनबाईंचा प्रतिदेह तयार झाला. रक्त, प्रतिमा आणि स्पंदने घेऊन संगणकात उभारलेले हे त्यांचेच शरीर. उपचार आधी त्याच्यावर करून पाहायचे, मग माणसाला हात लावायचा. प्रतिदेहाचे दिवस पडद्यावर भराभर सरत.

"धमनी बंद आहे. उघडायची तर ती पडद्यावर दिसायला रक्तात रंगद्रव्य सोडावं लागेल," नयना म्हणाली.

"आणि यांची मूत्रपिंडं आधीच अर्धमेली. रंगद्रव्य त्यांना झेपणार नाही," मूत्रपिंडतज्ज्ञ इरफान शिकलगार म्हणाला.

पहिल्या चाचणीत हृदय वाचले, पण मूत्रपिंडे बंद पडली. कोणत्याही अवयवाने मान टाकली की चाचणी तिथेच तोडायची आणि दोघा तज्ज्ञांचा होकार जुळेपर्यंत थांबायचे, ही इथली रीत. रीत वाईट नव्हती. पूर्वी दोन डॉक्टरांच्या भांडणात रुग्ण भरडला जायचा.

प्रतिदेह पुन्हा पहिल्या मिनिटाच्या मूळ स्थितीत आणला. रंगद्रव्य कमी केले, तर धमनीची दुसरी अडलेली शाखा दिसलीच नाही. सलाईन वाढवले, तर फुप्फुसात पाणी भरले. प्रत्येक चाचणीनंतर दोघांची हुज्जत, मग नवे प्रमाण.

"मॅडम, कळ थांबलीय. झोप लागतेय त्यांना," परिचारिका दारातून सांगून गेली.

नयनाला हायसे वाटले. आणखी एकदा पाहू, ती म्हणाली.

अखेर जमले. हृदय शाबूत, मूत्रपिंडे शाबूत. इरफानने मान डोलावली आणि दोघे आत धावले. मालनबाईंचा रक्तदाब तळाला गेला होता. धमनी ठरल्याप्रमाणे उघडली, रंगद्रव्याचा थेंबही जास्त गेला नाही. हृदयाने मात्र साथ दिली नाही.

"प्रतिदेह तर वाचला होता," इरफान पुटपुटला.

"आपण त्याला दर वेळी पहिल्या मिनिटाचं हृदय देत होतो. काकूंचं हृदय तोवर मरत होतं. दुखायला काही उरलं नाही म्हणून कळ थांबली." नयना म्हणाली. हे तिला ठाऊक होते आणि तरी तिने पडद्यावर विश्वास ठेवला होता.

सगळे गेल्यावर तिने तोडलेली पहिली चाचणी पुन्हा उघडली आणि पुढे चालू दिली. मूत्रपिंडे बंद पडली. प्रतिदेह डायलिसिसवर गेला. एक आठवडा, दुसरा. तिसऱ्या आठवड्यात मूत्रपिंडे हळूहळू कामाला लागली. चौथ्यात मशीन सुटली.

प्रतिदेह बोलत नाही. पण काकू त्या मशिनीवर पडून तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करत राहिल्या असत्या, शब्द मोडलास म्हणून. पडद्यावर हृदय संथ चालले होते आणि नयनाला त्या शिव्या ऐकायच्या होत्या.